बाबांनी दिलेला होकार

शाळेत मी पोरांना वक्तृत्व शिकवते. आवाज कुठे चढवायचा, हात कधी उचलायचा, टाळी कुठल्या वाक्याला पडते. माझे बाबा यातलं काहीच करायचे नाहीत. तरी आमच्या रोहणा गावाच्या आसपास कुठे भांडण पेटलं की लोक त्यांनाच न्यायला यायचे.

लहानपणी मीही सोबत जायची. एकदा दोन भाऊ विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बोलेनासे झाले होते. थोरल्याच्या घरी बाबा खुर्ची सोडून जमिनीवर बसले आणि आधी पाणी मागितलं. मग त्याचीच बाजू अशी मांडली, की त्याला स्वतःलाही तशी मांडता आली नसती. तो खूश. मग आपण स्वतः एकदा भावाशी कसं वाकडं वागलो ते सांगितलं, आणि गप्प बसले. थोरला चुळबुळला, खाकरला, शेवटी आपणच म्हणाला, "बरं, सकाळची पाळी घेऊ दे त्याले."

परतताना बाबा म्हणाले, "ज्यानं आपल्याले पाणी देल्लं, त्याले मंग आपल्याले नाई म्हणणं जड जाते."

गेल्या वर्षी साखरेच्या आजारानं बाबांचा पाय काळा पडला. वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, घोट्याच्या वरून कापावा लागेल, नाहीतर जीव जाईल. बाबांनी साफ नकार दिला. माझ्या भावानं वॉर्ड डोक्यावर घेतला, पण बाबा ढिम्म.

"लंगडा माणूस दारी आला का लोक त्याचं ऐकत नाई, त्याची कीव करते," ते म्हणाले. "तसं जगून काय करू?"

मला संताप आला. पोटच्या पोरांपेक्षा गावची भांडणं मोठी? पण संतापानं हा माणूस हलणार नाही, हे मला ठाऊक होतं. भावाला बाहेर पाठवलं आणि खाटेजवळ फरशीवर बसले.

"बाबा, पाणी द्या जरा."

त्यांनी उशाची बाटली उचलून दिली.

"तुमचं खरं आहे," मी म्हटलं. "पाय गेला का माणूस आधीसारखा राहत नाई." मग गेलेल्या आईचं काढलं. तिला दवाखान्यात न्यायला मी उशीर केला, ते अजून मला जेवताना आठवतं, म्हणून सांगितलं. "आन् लोक तुमच्या पायाचं नाई ऐकत, बाबा. तुमच्या तोंडाचं ऐकतात." एवढं बोलून गप्प झाले.

बाबा हसले. "माह्यंच सारं माह्यावर चालवून राह्यली. आता चूप बसशीन, नाई?"

मी खरंच चूप बसले. तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं. डोळे तर आधीच भरले होते. बाबांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "सांग डॉक्टरले."

जखम भरल्यावर, कुबडी सरावाची झाल्यावर, शेजारच्या गावातून बोलावणं आलं. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून भांडण होतं. मी त्यांना ऑटोनं घेऊन गेले. बाबा जमिनीवर बसायला वाकले, तर त्या घरच्या माणसानं त्यांना दोन्ही काखांत धरून खुर्चीत बसवलं. पाणी न मागताच आलं. बाबा त्याची बाजू मांडायला लागणार, तोच त्यानं हात जोडले. "काकाजी, तुमी या पायानं माह्या दारी आले. आता तुमी म्हणसान तसं." सगळा वेळ तो पायाकडेच बघत होता. चहा थंड व्हायच्या आत भांडण मिटलं.

मला बरंच वाटलं. ऑटोत, गाव जवळ आल्यावर बाबा म्हणाले, "यानं माह्यं ऐकलं नाई, पोरी. याले माह्यी कीव आली."

त्यानंतर ते कुठेच गेले नाहीत. बोलावणं आलं की तब्येत बरी नाही म्हणून सांगतात.

बाबा आहेत. सकाळी बिनसाखरेच्या चहावरून माझ्याशी भांडतात, आणि तेवढं मला पुरायला हवं. पण त्या दिवशी फरशीवर बसलेल्या पोरीला त्यांनी हो म्हटलं, ते तिचं पटलं म्हणून, की तिची कीव आली म्हणून? हे त्यांना विचारायला माझी जीभ रेटत नाही.