सात नंबरचा स्टिकर

रोझो बंदराच्या धक्क्यावर क्लेमेन्शिया व्हालमॉन्ड गिऱ्हाईक घेत नसे, निवडून घेत असे. बोटीवरून उतरलेलं कुटुंब तिच्या मिनीबसपाशी आलं की त्यांनी आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. ते न म्हणता कुणी थेट "धबधब्याला किती घेणार?" असं विचारलं, तर बाई समुद्राकडे बघत बसायची. गुड मॉर्निंग झालं की ती आईबापांना सोडून पोरांकडे वळे आणि सगळ्यांत धाकट्याला विचारी, "सकाळी काय खाल्लंस रे?" पोर पॅनकेकचा आकडा दोन्ही हातांच्या बोटांवर मोजायला लागलं की डोंगराची वळणं रद्द. मग बाप कागद पुढे करी. त्यावर धबधबा, गरम पाण्याचे झरे, पोपट, समुद्रातले बुडबुडे, सगळं चार तासांत. क्लेमेन्शिया त्या कागदाची घडी घालून त्याच्याच खिशात परत ठेवी.

"लहान मूल बरोबर असलं की एकच जागा, आणि तिथे पाणी हवं," ती म्हणे. "बाकीचं मोठ्यांच्या फोटोंसाठी असतं. फोटोच हवे असतील तर त्या दुकानात पोस्टकार्डं मिळतात."

बावीस वर्षं ती हेच ऐकवत आली होती, आणि नवल म्हणजे लोक ऐकतही आले होते. चार वाजता तिच्या बसमधून उतरणारी पोरं ओलीचिंब, दमलेली आणि खूश असत. इतर बसमधली नुसती दमलेली असत.

अशा बाईला मार्चमध्ये लेकीचा फोन आला. व्हर्लिनला इंग्लंडला जाऊन बारा वर्षं झाली होती. लग्न तिकडेच, मुलगा तिकडेच. थिओ सात वर्षांचा झाला तरी आजीनं त्याला फोनच्या काचेबाहेर पाहिलेलं नव्हतं.

"मा, आम्ही बोटीनं फिरायला येतोय. तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी आठ ते पाच रोझोला असू," व्हर्लिन म्हणाली.

"या," आई म्हणाली, आणि दोघींनी फोन ठेवला. कुठे जायचं, काय करायचं, कुणी कुणाला विचारलं नाही. या बेटावर आपल्या माणसाला 'तुला काय हवं' असं विचारणं म्हणजे त्याला पाहुणा करणं. विचारायचं नसतं, वाढायचं असतं. या चांगल्या चालीनं किती घरांत घोळ घातलेत, ते सांगायला बसलो तर गुरुवार कधीच यायचा नाही.

परक्या पोरांचा दिवस मिनिटात ठरवणारी बाई आता तीन आठवडे नुसती घोळ घालत राहिली. एमराल्ड पूलला न्यावं, तर पाणी थंड, पोराला सर्दी व्हायची. ट्रॅफल्गरच्या धबधब्याला न्यावं, तर दगड निसरडे. मेरोच्या किनाऱ्यावर न्यावं, तर वाळू काय, तिकडेही असेल. शेवटी तिनं कॅलेंडरच्या मागे यादी केली. नऊ जागांची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

ती यादी नेमकी गार्विनच्या हाती लागली. गार्विन हा धक्क्यावरचा दुसरा जुना ड्रायव्हर, तिच्याच वयाचा आणि तिच्याइतकाच आगाऊ.

"नऊ? अगं क्लेम, पोर नऊ तासांसाठी येतंय. जेवायला तरी उतरू देणार आहेस, की खिडकीतून भरवणार?"

"तुला काय कळतंय? नातू आहे माझा."

"तेच तर म्हणतोय. गिऱ्हाईक असता तर सुखात राहिला असता बिचारा."

क्लेमेन्शियानं नाक मुरडून यादी हिसकावून घेतली. पण त्याच्याशी भांडायला तिचं मन जाग्यावर नव्हतं. तिला भीती वाटत होती. सात वर्षांत एक दिवस मिळतोय. तो पोराला आवडला नाही, तर आजी म्हणजे एक गरम, कंटाळवाणं ठिकाण, असंच त्याच्या डोक्यात राहील. मग पुढचा दिवस कधी मिळायचा?

गुरुवारी तिनं बस दोनदा धुतली. पिशवीत बेक नावाच्या तळलेल्या जाड पुऱ्या, खारवलेला मासा आणि चिंचेचं सरबत भरलं. आणि ड्रायव्हरांच्या रांगेच्या फळ्यावरून स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं पुसलं. बोटीच्या दिवशी रांगेत तिचं नाव नाही, हे धक्क्यानं तिला ताप असतानासुद्धा पाहिलं नव्हतं.

माणसं उतरायला लागली. व्हर्लिन दिसली. म्हणजे खरं तर व्हर्लिन नंतर दिसली; आधी दिसला तिच्या छातीवरचा गोल पिवळा स्टिकर. नंबर सात. बावीस वर्षांची सवय, दुसरं काय! स्टिकर म्हणजे या पाहुण्यांनी बोटीवरच सहल विकत घेतलीय. आणि धक्क्याचा पहिला नियम असा, की स्टिकरवाल्याला हाक मारायची नाही, जवळ जायचं नाही. गेलात तर बिल्ला जप्त. क्लेमेन्शियाचे पाय आपोआप दोन पावलं मागे सरले आणि ती आपल्याच बसच्या आड जाऊन उभी राहिली.

पलीकडे सात नंबरची पाटी धरून गार्विन उभा होता. त्यानं कपाळाला हात लावला.

"अगं मागे कुठे चाललीस? लेक आहे ती तुझी!"

"सात नंबर आहे," क्लेमेन्शिया कोरड्या तोंडानं म्हणाली. "तुझी आहे."

सगळा धक्का हसला. तेवढ्यात व्हर्लिन धावत आली आणि तिनं आईला बसच्या आडून ओढून मिठी मारली.

"मा! तू रांगेत कशी नाहीस?"

"सहल विकत घेतलीस? माझ्या बेटाची? बोटीवरून?"

"बोटीचा दिवस ना, मा! तू कामावर असणार. तुझी फेरी बुडू नये म्हणून…"

"फेरी! नाव पुसलंय मी फळ्यावरनं!"

 दोघींच्या मधे बापाचा हात धरून थिओ उभा होता. त्यानं आजीला खालून वर नीट पाहिलं.

"तू फोनमध्ये छोटी दिसतेस," तो म्हणाला.

क्लेमेन्शिया विरघळलीच. "चल रे राजा, काढ तो स्टिकर. आजी तुला नदीवर नेते."

"पण फिन त्या बसमध्ये आहे."

फिन म्हणजे बोटीवर परवा झालेला दोस्त. गार्विनच्या बसच्या खिडकीला नाक चिकटवून तो वाट बघत होता.  हिनंच हजार आयांना सांगितलं होतं, की पोराला दुसरं पोर मिळालं की तुमचा धबधबा गेला खड्ड्यात. थिओ आणि त्याचा बाप बसमध्ये चढले.

"तीनला आणून देतो," गार्विन हळूच म्हणाला. या वेळी तो चिडवत नव्हता. "बोट पाचला सुटते. मधले दोन तास तुझे."

बस गेली. क्लेमेन्शिया खाण्याची पिशवी धरून उभी राहिली आणि तिला चक्क रडू आलं. वळून बघते तो व्हर्लिन मिनीबसच्या पुढच्या सीटवर बसलेली. स्टिकर काढून तिनं त्याची गोळी केली होती.

"चल, मा."

"कुठे?"

"मला काय माहीत? मी कधी बसलेय या बसमध्ये? जगातली पोरं फिरवलीस, मला मावशीकडे ठेवून."

हे ती हसत म्हणाली, पण क्लेमेन्शियाला ते लागलं. तिनं गाडी सुरू केली. बस ट्रॅफल्गरच्या रस्त्याला लागली.

"मी याच रस्त्यावर, वळणापाशी, मावशीच्या ओट्यावर बसून असायचे," व्हर्लिन म्हणाली. "तुझी बस जायची. मागच्या काचेतून कुणाकुणाची पोरं हात हलवायची. तू एकदासुद्धा मान वळवली नाहीस."

"कशी वळवणार? एका अंगाला दरी आहे."

"नुसता हॉर्न वाजवून जायचीस."

"मग?"

"मग काय? वळण होतं, वाजवायचीस."

क्लेमेन्शियानं बस कडेला घेऊन थांबवली.

"त्या वळणावर हॉर्न लागत नाही गं. समोरचा रस्ता पार पुलापर्यंत दिसतो. तिथे कुणी वाजवत नाही, विचार गार्विनला. पाहुणे दचकून उठायचे, तक्रारी करायचे." तिनं डोळे पुसले. "जाताना एकदा वाजवायचे. येताना दोनदा. तोवर तू शाळेतून आलेली असायचीस."



"दहा वर्षं, मा," व्हर्लिन म्हणाली, "मी त्या वळणालाच शिव्या दिल्या."