सात पूर्णांक दोन पंचमांश

चाकणच्या कचेरीबाहेर टेबल मांडून मी बावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. माझी लेखणी अडल्याचे या आवारात कोणी पाहिलेले नाही. शाळा मात्र सातवीतच सुटली, आणि ती फळ्यावरच्या अपूर्णांकांच्या धास्तीने सुटली, हे मी कोणाला सांगितले नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात एक विधवा बाई जमिनीच्या मोजणीचा अर्ज लिहून घ्यायला आली. एकमेकांना लागून तिचे तीन तुकडे: सासऱ्याने दिलेले चार गुंठे, विकत घेतलेला दीड गुंठा, आणि सात गुंठ्यांची तीन भावांत वाटणी होऊन नवऱ्याकडे आलेले दोन पूर्णांक एक तृतीयांश. शेजारचा गोदामवाला भिंत घालणार होता. अर्जात जेवढे क्षेत्र, तेवढ्याच्याच खुणा पडणार. आणि तिचे घर नेमके त्या कडेला होते.

पाव, अर्धा, पाऊण मी बोलता बोलता मिळवतो. तृतीयांशापाशी हात थबकला. तरी चार, दोन आणि एक मिळून सात केले. उरलेल्या अपूर्णांकांचे अंश अंशांत, छेद छेदांत मिळवले, आणि ठसठशीत लिहिले: सात पूर्णांक दोन पंचमांश. बाई अर्ज खिडकीत देऊन परत आली.

"दादा, सारं मिळून किती धरलं?"

"साडेसातला जरा कमी."

"आसं कसं? वाटणीचं नुसतं सव्वादोन धरलं, तरी दीड मिळून पावणेचार. त्यात चार. पावणेआठ व्हत्यात की! माझं घर कुठं गेलं?"

फळ्यापुढे थरथरणारा तो मीच पुन्हा उभा होतो. रद्दी कागदावर सगळ्याचे अंशाधिक अपूर्णांक केले, छेद सहा धरला: चोवीस, चौदा, नऊ. सत्तेचाळीस षष्ठांश, म्हणजे सात पूर्णांक पाच षष्ठांश. मी गिळलेली जागा पावणेपाचशे चौरस फुटांच्या आसपास भरत होती. तिच्या दोन खोल्या तेवढ्याच.

मी खिडकीकडे धावलो. अर्जावर शिक्का पडला होता.

"काय भाऊ, आज तुमचाच अर्ज का?" कारकून हसला. "चूक कुणाची, ते लिहून द्या. मग बदलतो."

अशा वेळी मी नेहमी "अर्जदाराच्या नजरचुकीने" असे लिहितो. तसे लिहिले असते, तर उद्या गोदामवाल्याने तेच वाक्य बाईविरुद्ध पुढे केले असते. खरे लिहिले, तर या आवारात माझ्याकडे कोण येणार होते? मागे रांग कुजबुजत होती. घामाने कागद बोटांना चिकटला. शेवटी लिहिले: "लेखकाच्या बेरजेतील चुकीमुळे." खाली सही केली, ती मला माझी वाटेना.

"आता पावणेआठाच्या वर हाय ना?" बाईने विचारले.

"आहे. गुंठ्याच्या बाराव्या भागाने."

"मोजणीला या मग. माझा आता कागदावर भरवसा न्हाई."

मोजणीच्या दिवशी मी टेबल मांडले नाही. साखळी घराच्या भिंतीपाशी आली तेव्हा माझी बेरीज मी तोंडातल्या तोंडात पुन्हा केली, दोनदा केली. खूण भिंतीच्या पलीकडे ठोकली गेली, तेव्हा कुठे मी खाली बसलो.