खरात सर आणि नखाएवढा अँटेना

खरात सर खुर्चीत बसलेले मी कधी पाहिलेच नाहीत. जालन्याच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांचं टेबल माझ्या शेजारी, पण ते नावापुरतं. हातात चहाचा कप घेऊन त्यांच्या येरझाऱ्या चालत. निम्मा चहा फरशीवर सांडे. शेती हसनाबादला, जीव मात्र रेडिओच्या अतिसूक्ष्म, मिलिमीटर लहरींत अडकलेला.

नखाएवढा अँटेना, आणि नको त्या लहरी त्यानंच गाळायच्या, वेगळा फिल्टर लावायचा नाही, हा त्यांचा ध्यास. कुणी विचारलं की म्हणत, "नको त्याला घरात घेऊन मंग हाकलायचं कशाला? दारातच थांबवा की!" यावरच त्यांची पीएचडी होती आणि तिची मुदत संपत आली होती. "जल्दी करा मॅडम, टाइम न्हाई," हे दिवसभर मलाच ऐकावं लागे. जणू मुदत माझी संपत होती!

त्याच घाईनं घात केला. अँटेना छापलेला बोर्ड बनवायला देताना वरचा हिरवा लेप नको, हे सांगायचं राहून गेलं. इतक्या बारीक लहरींना तो पातळ लेपही बाधतो. आम्ही दोघं हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत मोजणीला गेलो, तर पडद्यावरचा आलेख चक्क बाजूला सरकलेला. सर तडक व्हरांड्यात गेले, ब्लेडनं लेप खरवडून आले. पुन्हा मोजलं. आलेख जागेवर! मी टाळ्याच वाजवल्या.

"हाच आलेख द्या प्रबंधाला जोडून. झाली तुमची पीएचडी," मी म्हणाले.

"न्हाई मॅडम. खरवडताना खालचं तांबं किती गेलं, कुणाला ठाऊक? दुसऱ्यानं बनवला तर बराबर येईल का? बिलकुल न्हाई देणार. नवा बनवतो."

मला भयंकर राग आला. माणसानं किती ताणावं!

नवे बोर्ड आले तोवर मुदत उलटली होती, वाढवूनही मिळाली नाही. सरांच्या छातीत दुखायला लागलं होतं, म्हणून मोजायला मी एकटीच गेले. आलेख अगदी हवा तसा आला. फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "बराबर ना? मंग बास." पदवीचं नावही काढलं नाही.

त्याच हिवाळ्यात ते गेले. हसनाबादच्या चौकात श्रद्धांजलीचा फलक लागला होता, त्यावर 'डॉ. खरात सर'. मी त्यांच्या भावाला म्हटलं, "भाऊ, ते डॉक्टर झाले नव्हते."

"माहीत हाय मॅडम. पण सारं गाव डॉक्टरच म्हणून राह्यलं. राहू द्या आता."

"सरांना ते चाललं नसतं," मी म्हणाले. भाऊंनी स्टूल आणून धरलं. मी वर चढून त्या 'डॉ.'वर पांढरा कागद चिकटवला, आणि तिथंच, साऱ्या गावासमोर, मला रडू फुटलं.