पिचरच्या आईनं कुठं बसावं

मुलगा खेळात चमकला की घरात कप साठतात म्हणे. आमच्या इथल्या, आखातातल्या सनद भागातल्या फ्लॅटमध्ये आजवर एकच कप आलाय. त्याच्या आईच्या फजितीचे किस्से मात्र ठेवायला जागा नाही!

निनाद वीस वर्षांचा. इथल्या बेसबॉल क्लबचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. पहिल्याच सीझनला असं नाव झालं, की दुबईच्या प्रोफेशनल टीमची माणसं त्याला बघायला येणार, असं कळलं.

*

पहिली मॅच. बॅटवाला येई, हवेत बॅट फिरवी आणि परत जाई. मी शेजारच्या शैलावहिनींना म्हटलं, "समोरची टीम फारच कच्ची आहे हो. निनादला मजाच येत नसेल!"

आमचे हे म्हणाले, "अगं, तोच त्यांना खेळू देत नाहीये!"

*

पुढच्या मॅचला समोरच्या एकाने निनादचा चेंडू थेट प्रेक्षकांत मारला. मी उठून टाळ्या वाजवल्या, "सिक्सर!"

निनादनं मैदानातून वळून माझ्याकडे बघितलं. घरी आल्यावर म्हणाला, "आई, यू आर माय मदर, राइट?"

*

नजर लागू नये म्हणून मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. फायर अलार्म वाजला! अख्खी बिल्डिंग रस्त्यावर, आणि कारण कळल्यावर निनादकडे टक लावून.

शैलावहिनी अर्ध्या मेंदीचे हात सावरत म्हणाल्या, "एक-दोघांची असेल ती निघाली. आता सगळ्यांची लागली!"

*

मॅचनंतर खांद्याला बर्फ लावायचा असतो. घरात बर्फ नव्हता, मी फ्रोझन मटारची पिशवी दिली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना मटारच्या करंज्या केल्या. सगळे बोटं चाटत होते.

निनाद प्लेटकडे बघत म्हणाला, "आई, दॅट्स माय शोल्डर!"

*

आणि ती मॅच. दुबईचे दोघे खरंच आले होते. आज पसंत पडला तर तिकडचा करार! शेवटचा डाव उरला, तोवर निनादच्या चेंडूवर एकही फटका बसला नव्हता. आणि बघते तर काय, बाकावर निनाद एकटाच! बाकी मुलं पार दुसऱ्या टोकाला. कोणी त्याच्याशी बोलेना, बघेना.

"अहो, पोराला वाळीत टाकलंय!" वड्यांचा डबा उचलून मी थेट त्याच्याशेजारी जाऊन बसले.

कोच पांढराफटक. एकही फटका बसला नसेल तर मॅच संपेपर्यंत पिचरशी कोणी बोलायचं नाही, बोललं की नशीब फिरतं, असा त्यांचा रिवाज! मी घाबरून उठले, तर निनादनं हात धरला. चक्क मराठीत म्हणाला, "आई, बस ना. काहीतरी बोल."

मला काय सुचणार? वॉशिंग मशीन बंद पडलंय, ते सांगायला लागले. पाणी कसं तुंबतं, मेकॅनिक 'उद्या, इंशाल्ला' म्हणून कसा गायब झाला, निनादचेच मोजे बादलीत कसे भिजत पडलेत... तो हसायला लागला. दोन वड्या खाल्ल्या आणि "यल्ला, निघतो" म्हणून मैदानात गेला.

तिघे बॅटवाले आले, तिघेही हात हलवत परत!

दुबईवाल्यांनी तिथंच त्याच्याशी हात मिळवला. मी हळूच निघाले, तर निनादकडून सगळं ऐकून कोच माझ्यामागे धावत आला.

"मॅडम, फायनल अजून व्हायचीय. तोवर ते मशीन प्लीज दुरुस्त करू नका!"