सत्तेचाळीस लाईनी आणि एक प्रश्न

माझ्या मुलीची सोयरीक एका कागदाच्या कोऱ्या बाजूमुळे मोडता मोडता राहिली. ती कोरी बाजू मीच भरली होती.

मी इंग्रजीचा मास्तर. एकतीस वर्षं अमरावतीच्या एका शाळेत व्याकरण शिकवलं आणि निवृत्त झालो. निवृत्त मास्तरांपैकी काही जण सकाळी फिरायला जातात, काही जण कॉलनीच्या भानगडीत पडतात. मी शब्द मोजायला लागलो. म्हणजे एकच शब्द. लाईन!

झालं असं की एकदा भर दुपारी पंखा बंद पडला आणि माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली, "लाईन गेली वाटते!" तेवढ्यात शेजारचे काका फाटकातून म्हणाले, "सर, पोरगं बारावी झालं, आता त्याले कोणत्या लाईनले टाकू?" आणि माझी बहीण फोनवर कुरकुरत होती की तासभर झाला, लाईनच लागून नाही राहिली. तीन मिनिटांत तीन अर्थ! आणि यातला एकही मी एकतीस वर्षांत शिकवलेला नव्हता. (माझी लाईन वहीत असायची आणि तिच्यावर अक्षर बसवायचं असायचं. बस्स.) त्याच दिवशी मी शंभर पानी वही आणली. रेशनच्या दुकानापुढे लागते ती लाईन, पोलीस राहतात ती लाईन, कॉलेजच्या गेटवर पोरं मारतात ती लाईन, आणि मग त्याच पोरांना बापानं जिच्यावर आणायचं असतं ती लाईन. सहा महिन्यांत एक्केचाळीस झाल्या.

"अवो, लोक या वयात नातवंडं मोजतात," सुनंदा म्हणायची. "तुमी लायनी मोजा."

नातवंडांना अजून वेळ होता. कारण आमच्या प्रज्ञाचं लग्नच व्हायचं होतं. प्रज्ञा भातकुलीच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे, पर्मनंट. अकोल्याच्या तायड्यांकडची मंडळी तिला पाहून गेली होती. मुलगा सुमेध, बार्शीटाकळीला कृषी सहायक. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. प्रज्ञा चक्क दोनदा हसली होती, आणि नर्स झाल्यापासून ती विनाकारण हसत नाही. फक्त एक खडा लागला. तिनं नोकरीचं विचारलं, तेव्हा सुमेधची आई म्हणाली, "पाहू ना पुढं."

"पाहू म्हणजे काय, बाबा?" मंडळी गेल्यावर प्रज्ञा म्हणाली. "आमच्या वार्डात डॉक्टर 'पाहू' म्हणतात ना, तवाच मी समजून जाते."

"सुमेधला विचार ना."

"विचारलं. तो म्हणते, आईले विचारतो. कवा विचारन, काय माईत! तुमी घर पाहाले चालले ना? मंग तुमीच विचारा, सगळ्याईसमोर. ते नाई म्हणतीन तर मले नाई कराचं हे लग्न."

तिचा आवाज थोडा हलला. मुलगा तिला मनापासून आवडला होता, आणि नोकरीही तिला मनापासून आवडत होती. दोन्हींतलं एक सोडायची वेळ तिच्यावर येऊ नये, एवढंच माझं काम होतं.

मुलाचं घर पाहायला खरं तर सुनंदाही यायची, पण तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणून मी आणि तिचा भाऊ विलास असे दोघं निघालो. विलासला सोबत देण्यात सुनंदाचा हेतू मला सांभाळण्याचा होता आणि विलासचा हेतू जेवणाचा होता. निघताना प्रज्ञानं माझ्या पिशवीतून वही काढून घेतली ("हे इथंच राहीन!") आणि खिशात एक चिठ्ठी कोंबली. तिच्यात लिहिलं होतं:

बाबा, बोलत बसू नका. फक्त एक विचारा. लग्नानंतर मी नोकरी करणार, चालते का? हो किंवा नाही. 'पाहू' म्हणाले तर चहा पिऊन उठा. जेवू नका. मामालेही जेवू देऊ नका.

एसटीत बसलो. मूर्तिजापूरच्या अलीकडे मागच्या सीटवरचा एक जण फोनवर म्हणाला, "गाडी घरी नाई ना, बापा. लाईनवर हाय, नागपूरले." लाईनवर! म्हणजे धंद्यासाठी बाहेर निघालेली. नवीन होता हा अर्थ! वही नाही. लक्षात ठेवायचं ठरवलं, तर वयाचा भरवसा नाही. चिठ्ठी खिशात होती, तिची मागची बाजू कोरी होती आणि पेन तर मास्तराजवळ असतोच. एक अर्थ लिहिल्यानं प्रज्ञाचा प्रश्न काही पुसला जाणार नव्हता. लिहिला. बेचाळीस.

सुमेधच्या वडिलांचं, म्हणजे तायडेभाऊंचं घर स्वच्छ, दोन मजली. आतून मांडे भाजल्याचा वास येत होता. विलासनं दारातच डोळे मिटून घेतले. तायडेभाऊ एसटी डेपोत मेकॅनिक होते. पाणी झालं, रामराम-जयभीम झालं, आणि ते म्हणाले, "सर, मी चौतीस वर्षं डेपोत काढले. कवा लाईन चेकिंगवालेबी माह्या नादी लागले नाईत."

लाईन चेकिंग! रस्त्यात बस थांबवून तिकिटं तपासतात ते! मी कागद काढला आणि लिहिलं.

तायडेभाऊ थांबले. "काय लिहून राहिले, सर?"

"काही नाही, सवय आहे आपली. बोला, बोला!"

ते बोलले, पण जरा जपून. इतक्यात पंखा बंद पडला. "समोरच्याईचे लाईट हाय," सुमेध खिडकीतून बघत म्हणाला. आतून त्याच्या आईचा आवाज आला, "त्याईची लाईन येगळी हाय रे, आपली येगळी!" एकाच गल्लीत दोन लाईनी! मी लिहिलं. तायडेभाऊंनी माझा पेन हलताना पाहिला आणि घाईनं म्हणाले, "इन्व्हर्टर घेऊन राहिलो सर आमी! पुढच्याच महिन्यात!"

मग ते घर दाखवायला लागले. न्हाणीघराशी म्हणाले, "नळ रोज नाई येत, पण जुनी लाईन काढून नवी टाकून राहिले." हा अर्थ मी आधी लिहिला होता की नाही ते आठवेना, कारण वही अमरावतीत! लिहून टाकला. तायडेभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी गच्चीवरचं टाकं दाखवलं, टाक्याचं झाकण उघडून दाखवलं, टाक्यातलं पाणी हातानं हलवून दाखवलं. त्यातलं मी काहीच लिहिलं नाही, म्हणून ते जास्तच घाबरले.

सुमेधनं बापाला आधार द्यायला शेतीचा विषय काढला. "मी शेतकऱ्याईले सांगत असतो सर, तुरीच्या दोन लायनीत अंतर ठेवा." मी लिहिलं. त्यानं गुंड्या नीट केल्या, पाठ ताठ केली आणि यानंतर इंटरव्ह्यूला बसल्यासारखा बोलू लागला. "माझी कामाप्रती निष्ठा आहे," तो एकदम शुद्ध भाषेत म्हणाला. त्यात लाईन नव्हती. मी नुसता हसलो.

विलासनं मला कोपर मारलं. "भाऊजी, विचारा ना! वास सहन होऊन नाई राहिला."

"एक मिनिट," मी म्हटलं. कारण तायडेभाऊ नुकतेच म्हणाले होते की त्यांची सगळी नातलग मंडळी चांगल्या लाईनची आहेत. सत्तेचाळीस!

तायडेभाऊ "आलो" म्हणून आत गेले. आतली कुजबुज बाहेर स्वच्छ ऐकू येत होती.

"काय काय लिहिलं त्याईनं?"

"लाईटचं लिहिलं, पाण्याचं लिहिलं, डेपोतलंबी लिहिलं. सोयऱ्याईचं सांगतलं तर तेबी लिहिलं!"

"बापा! आता भिताडाची ओल लिहितीन!"

त्यानंतर सुमेधला आत बोलावणं आलं. मग तो आणि तायडेभाऊ दोघं मिळून आतलं लाकडी कपाट बैठकीत घेऊन आले आणि काही न बोलता कोपऱ्यातल्या ओल आलेल्या भिंतीला लावून उभं केलं. मला काहीच समजलं नाही. (खरं सांगतो, मला वाटलं ते कपाट आम्हाला आहेर म्हणून देताहेत.)

शेवटी तायडेभाऊ माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. त्यांना घाम आला होता. "सर, आमी साधी माणसं होय. पोरगी आमाले पसंत हाय. घरात जे कमी दिसलं ते तोंडावर सांगा. दाखवा तो कागद."

मला भरून आलं. सहा महिन्यांत माझी यादी बघायला कोणीही मागितली नव्हती, बायकोनंसुद्धा! मी दोन्ही हातांनी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला आणि डेपोत नोटीस वाचतात तसं खणखणीत वाचलं, "बाबा, बोलत बसू नका."

क्षणभर मला वाटलं, ते मलाच सांगताहेत. (तेही बरोबरच झालं असतं.) पण ते पुढे वाचत गेले. नोकरी, हो किंवा नाही, 'पाहू', चहा पिऊन उठा. "मामालेही जेवू देऊ नका" इथपर्यंत आले, तेव्हा विलासनं हातातला ग्लास हळूच खाली ठेवला.

मला लाज वाटली, खरीखुरी लाज. पोरीचा एवढा मोठा प्रश्न खिशात घेऊन मी आलो होतो आणि दीड तासात तो सोडून बाकी सगळं ऐकलं होतं. आता हे लोक चिडून "नाही" म्हणाले असते तर घरी जाऊन मी तिला काय सांगणार होतो?

सुमेधची आई बाहेर आली. हात पदराला पुसून तिनं चिठ्ठी घेतली आणि मनातल्या मनात दोनदा वाचली.

"हे पोरीनं लिहिलं?"

"हो, ताई."

"मंग तुमी काहून नाई विचारलं?"

मी नुसती चिठ्ठी उलटी करून मागची बाजू दाखवली आणि थोडक्यात समजावून सांगितलं. (विलास म्हणतो, त्या थोडक्याला दहा मिनिटं लागली.) ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी डी.एड. झाली होती, सर. नोकरी येऊन पडली होती दारात. माहा बाप घर पाहाले आला, वावर पाह्यलं, जेवला अन् गेला. कोणी विचारलंच नाई. मले कोणाच्या खिशात चिठ्ठी टाकाचं सुचलं नाई." त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. "त्या दिवशी 'पाहू' म्हटलं ते माह्या सासूच्या सवयीनं निंगालं तोंडातून. लावा फोन पोरीले."

मी फोन लावला, स्पीकर सुरू केला. "प्रज्ञा," त्या म्हणाल्या, "नोकरी सोडाची नाई, समजलं? बदली होत नाई तवरोक आमचं पोरगं येन तिकडे. काय रे?"

सुमेधनं मान इतक्या जोरात हलवली की गुंडी पुन्हा सुटली. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि प्रज्ञा म्हणाली, "हो, काकू." माझेही डोळे ओले झाले. विलासचेही झाले, पण त्याचं ताट आलं होतं, त्यामुळे नक्की कशानं ते सांगता येत नाही.

"पण आमचीबी एक अट हाय," ताई म्हणाल्या.

विलासचा घास हातातच राहिला. तायडेभाऊ बायकोकडे बघायला लागले. मीही सावरून बसलो. आता मात्र मुलीचा बाप म्हणून ठामपणे बोलायची वेळ होती.

"लग्नात सरच्या हाती माईक द्याचा नाई."

मी फोनकडे पाहिलं. पोटची पोर होती, बापाच्या बाजूनं चार शब्द बोलेल असं वाटलं. ती एकच शब्द बोलली. "मान्य!" मागून सुनंदाचाही आवाज आला, "कागदावर लिहून घ्या मनावं!"

लग्न अगदी छान झालं. बदली होऊन प्रज्ञा आता अकोल्याला आहे, तिथल्याच दवाखान्यात. मी शब्द पाळला. मंडपात पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, पूर्ण दोन तास तोंड मिटून बसलो होतो. आणि माझ्या एकतीस वर्षांच्या ओळखीची माणसं विलासला येऊन विचारत होती, "काहो, पोरीचे वडील कुठी दिसून नाई राहिले?"