कीप शिकवताना

दादा, अकोल्याहून निघाले तेव्हा आई ट्रॅव्हल्सच्या बसपाशी उभी होती. मेतकुटाचा डबा पुन्हा पुन्हा बॅगेत खाली सारत होती. ‘तिकडे नीट जेव,’ एवढंच म्हणाली. तू सामान चढवण्यात गुंतलास, मी सीट शोधण्यात. मी तिच्याकडे धड बघितलंही नाही.

आता कॅनडात, ब्रॅम्पटनला बेसमेंटमध्ये राहते. दोन बस बदलून वेअरहाऊस गाठते आणि शनिवारी सकाळी लायब्ररीत फुकट इंग्रजी शिकवते. वर्गात बहुतेक चिनी आजी-आजोबा, नातवंडं सांभाळायला आलेले. इतक्या हळू बोलणारं त्यांना दुसरं कुणी मिळत नाही, म्हणून माझं अकोल्याचं इंग्रजी खपून जातं. गेल्या शनिवारी ‘कीप’ हा एक शब्द शिकवला, त्याच्या सगळ्या अर्थांसकट. दार उघडं ठेवणं, शब्द पाळणं, कोंबड्या पाळणं, एखादी गोष्ट कुणापासून लपवून ठेवणं. मग प्रत्येकाने आपलं एक वाक्य करायचं. कोंबड्यांचीच चार झाली.

लिनबाई उभ्या राहिल्या. त्यांनी वहीतून हळूहळू वाचलं, की बहिणीने आईचं आजारपण त्यांच्यापासून लपवून ठेवलं, कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. वर्गात कुणालाच नवल वाटलं नाही. एक आजोबा मला समजावत म्हणाले, ‘चिल्ड्रन फार अवे, दे वरी. सो वी डोन्ट टेल.’

तूही हेच म्हणाला होतास, आईचं तेरावं झाल्यावर. ‘तुझी तिकडे कायम राहायची, पीआरची फाइल चालू होती. धावत आली असतीस, सगळं अडकलं असतं. आईनेच शपथ घातली होती.’ पाच महिने ती अंथरुणावर होती आणि संध्याकाळी फोन केला की तू सांगायचास, आई देवळात गेलीय. दादा, आई संध्याकाळची कधी देवळात गेली होती का? ती जात नाही, हे मला ठाऊक होतं. मी खोदून विचारलं नाही, कारण फाइल मलाही हवी होती. तुझ्याशी दीड वर्ष अबोला धरला, तो खरा या लाजेपायी.

वर्ग सुटल्यावर लिनबाईंना विचारलं, बहिणीशी बोलता का? ‘एव्हरी संडे,’ त्या म्हणाल्या. ‘देअर, ओन्ली शी इज लेफ्ट.’

माझंही घर आता म्हणजे तू, एवढंच. परवा काकूशी बोलले. गेल्या महिन्यात तुझी अँजिओग्राफी झाली म्हणे, आणि मला सांगायचं नाही अशी शपथ तू तिला घातलीस. मी तिकीट काढलंय. कामावरून काढलं तर काढू देत.