नर्सबाई आणि माझी सही

जरा जवळ सरका गं पोरींनो, आणि तो मोबाइल ठेवा खाली. इतक्या दिवसांनी वेळ काढलात, तोही मान खाली घालून! मला हल्ली मोठ्यानं बोलायची भीती वाटते, आणि सांगायचंय ते नर्सबाईंबद्दल. त्यांचं तर एकच मागणं असायचं, "मोठ्यानं वाचा."

तुम्हीही पाहिलंय त्यांना. चष्मा काळ्या दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि कुणी सहीला कागद पुढे केला की, "चष्मा विसरले हो, तुम्हीच वाचा. मोठ्यानं." गॅसवाल्यानं पावतीमागच्या बारीक अटी वाचता वाचता पाणी मागितलं होतं!

सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांना पोलीस ठाण्याच्या महिला दक्षता समितीत घेतलं. ठाण्याच्या कामावर बायकांची नजर असावी म्हणून ती समिती. मीही होते तिच्यात. आम्ही बाकीच्या चहा प्यायचो, फोटो काढायचो नि घरी यायचो. नर्सबाई मात्र कोठडीकडे निघायच्या. "नुसतं बघून येते. जेवले का विचारते."

एकदा ठाण्याच्या साहेबांनी बैठकीचं कोरं रजिस्टर सहीला पुढे केलं. नर्सबाईंनी हात मागे घेतला. साहेब हसले, "बाई, आम्ही काय चोर आहोत?"

"छे हो साहेब, चष्मा..."

साहेबांनी त्यांच्या गळ्यातल्या चष्म्याकडे पाहिलं आणि मुकाट लिहायला घेतलं.

एवढं डोळ्यांनी पाहूनही मी काय केलं ऐका. एका दुपारी हवालदार दारात आला. आमच्याच होमस्टेत मासळीचं ताट जेवणारा, ओळखीचा. "काकी, पंच म्हणून दोन सह्या द्या. मजकूर नंतर भरतो." मी हात पदराला पुसला आणि कोऱ्या कागदांवर सह्या केल्या.

चार दिवसांनी कळलं काय लिहिलं ते. सकाळी दहाला जेट्टीजवळ सदूला चोरीच्या तांब्याच्या तारेसकट पकडलं, आणि मी समोर उभी होते! सदू म्हणजे आमच्या वाडीतले नारळ उतरवणारा, पन्नाशीचा माणूस. त्या दिवशी दहाला तो माझ्याच माडावर होता, आणि मी खाली उभी राहून "जपून रे" म्हणत होते.

जामिनावर सुटून आला तेव्हा नर्सबाईंनी त्याच्या पायांचे तळवे पाहिले. काळेनिळे.

"चढवत न्हाय गो काकी," एवढंच म्हणाला.

नर्सबाई माझ्याकडे वळल्या. "पडून होत नाही हे, वहिनी. आणि कागदाखाली सही तुमची आहे."

"मला काय ठाऊक, ते काय लिहिणार होते!"

"मग तेच लिहू या."

पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं प्राधिकरण आहे मुंबईला. तिथे द्यायचं प्रतिज्ञापत्र त्यांनी माझ्या ओटीवर बसून लिहिलं. शेवटच्या ओळीला आल्या तोच त्या हवालदाराची मोटारसायकल फाटकाशी थांबली. इंजिन चालूच. "काय काकी, होमस्टेचं लायसन कधी संपतंय?"

मी उठून आत जायला निघाले. नर्सबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि अख्खा कागद स्वतःच वाचला, फाटकापर्यंत ऐकू जाईल असा. मधली एक ओळ दोनदा वाचली गेली, ते त्यांना कळलंही नाही. तेव्हा मला कळलं, बाई घाबरायच्या. माझ्याइतक्याच. मोटारसायकल गेल्यावर मी सही केली.

गेल्या महिन्यात नर्सबाई गेल्या. हृदय बंद पडलं, एवढंच डॉक्टर म्हणाले. सुनावणीला माझ्या शेजारी बसायचं कबूल केलं होतं त्यांनी.

सुनावणी येत्या सोमवारी आहे. मांडव्याहून सकाळच्या बोटीनं जायचं, मी आणि सदू. तिथे पहिलं हेच विचारणार, कोऱ्या कागदावर सही केलीतच का? मुलगा फोनवर म्हणतो, "आई, तू जाऊ नकोस." परवापासून ती मोटारसायकल रोज फाटकाशी येते. नुसती थांबते. मी खिडकी लावून घेते. काल सदू माडाला हात लावून किती तरी वेळ वर बघत उभा होता.

जायचं मी ठरवलंय गं. पण रविवारी घरात एकटी राहिले तर सकाळपर्यंत या निश्चयावर टिकेन, याचा भरवसा मलाच नाही. म्हणून म्हणते, या. रविवारी दुपारीच या, आणि मुक्कामाला या.